एक वायर कमी

२ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. मोठं काम हाती घेतलं की नोंद असावी, एवढंच.

निश्चय: घर वायरलेस करायचं. आठवड्याभरात.

सद्यस्थिती अशी. पुढच्या खोलीत खिडकीपाशी हिचं टेबल, त्यावर कॉम्प्युटर आणि वकिलांच्या फायलींचा ढीग. टेबलावर जागा नाही म्हणून प्रिंटर समोरच्या भिंतीशी, स्टुलावर. मधून जमिनीवर लांबलचक वायर. ही वकिलांचं टायपिंग करते. अर्ज, नोटिसा, प्रतिज्ञापत्रं. दिवसभर टकटक आणि मध्ये मध्ये प्रिंटरची घरघर. घर त्यावरच चालतं असं ही कधी बोलून दाखवत नाही. ते सासूबाई बोलून दाखवतात. घर सासूबाईंचं आहे. आम्ही इथे तात्पुरते राहतो, चार वर्षं झाली.

मी कंपनीत सिस्टिम्सला होतो. प्रिंटरची कार्ट्रिजं सगळ्या मजल्यांना माझ्या सहीने जायची. माझी गरज उरली नाही असं नव्हे, पद उरलं नाही. माझ्यामागे त्यांचं कसं चाललंय ते विचारायला फोन केला होता. कोणी उचलला नाही. म्हणजे तारांबळ उडालेली दिसते.

४ फेब्रुवारी
प्रिंट सर्व्हर आणला. साबणाच्या वडीएवढी काळी डबी, वर अँटेनाचं एक शिंग. प्रिंटरची वायर डबीत खोचायची, डबी वाय-फायवर चढते, की घरातल्या कुठल्याही कोपऱ्यातून छापा. पैसे हिनेच दिले, म्हणजे संमती आहे.

हिला सगळं समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेऊन हिने विचारलं की, अहो, पण मी तर रोज याच कोपऱ्यात बसते. दूरदृष्टीचा अभाव.

सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, नोकरीचा अर्ज कधीपासून छापायचाय तुम्हाला, तो या डबीतून छापणार का. मी शांतपणे सांगितलं की त्यासाठीच हे चाललंय. अर्ज पलंगावरून छापता आला तर माणूस जास्त अर्ज करेल. यावर त्या आत गेल्या. पटलं असावं.

६ फेब्रुवारी
काम सुरू. डबीला वीज लागते, म्हणून एक अडॅप्टर. भिंतीतला प्लग लांब, म्हणून एक एक्स्टेन्शन. पहिल्यांदा डबी राउटरला वायरने जोडून ओळख करून द्यावी लागते, म्हणून एक नेटवर्क केबल, या खोलीतून त्या खोलीत. आणि प्रिंटरची वायर होतीच. वायरलेसला सुरुवातीला वायरी थोड्या जास्त लागतात. हिने विचारलं, इतक्या कशाला. मी म्हटलं, बाळंतपणात घर नीटनेटकं कुठे असतं.

प्रिंटर चार तास बंद. एक वकील नोटीस घ्यायला आला होता, ताटकळून गेला. माणसांना धीर नाही.

७ फेब्रुवारी
हेल्पलाइनला फोन केला. पलीकडे एक बाई. तिला मी माझी पार्श्वभूमी सांगितली. तिने विचारलं, डबीवरचा दिवा कुठल्या रंगाचा आहे. मी म्हटलं, प्रश्न दिव्याचा नाही, आर्किटेक्चरचा आहे. तिने पुन्हा दिव्याचं विचारलं. असं बराच वेळ चाललं. शेवटी ती फार अदबीने म्हणाली, घरात आणखी कोणी आहे का, त्यांच्याशी बोलता येईल का. फोन हिला दिला. दोघी बोलल्या, ही हसलीसुद्धा. हिला मी बऱ्याच दिवसांनी हसताना पाहिलं. मग हिने सांगितलं की दिवा लाल आहे, म्हणजे वाय-फायचा पासवर्ड चुकतोय.

पासवर्ड मीच मागे बदलला होता, सुरक्षिततेसाठी. इतका सुरक्षित की मलाही आठवत नाही.

ही म्हणाली, कोपऱ्यावरच्या दुकानातला टेक्निशियन बोलावू का, अर्ध्या तासात करून देईल. मी म्हटलं, परका माणूस आपल्या नेटवर्कमध्ये नको. माझा स्वर किंचित चढला असेल. ही पुन्हा टाइप करायला लागली.

९ फेब्रुवारी
सासूबाई पडल्या. एक्स्टेन्शनच्या वायरीत पाय अडकला. आधीची एक वायर त्या वर्षानुवर्षं ओलांडत होत्या, चार ओलांडायला काय हरकत होती. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर.

हॉस्पिटलात ही त्यांच्यासोबत गेली. मीही निघालो होतो, पण ही म्हणाली, तुम्ही राहू द्या. माझ्या कामाची हिला कदर आहे. तेवढ्या निवांत वेळात डबी भिंतीवर स्क्रूने पक्की केली.

दोघी परत आल्या. सासूबाई खाटेवर पडून छताकडे बघत होत्या. मी त्यांना म्हटलं, हाच तर माझा मुद्दा होता, घरात वायरी नकोत. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. औषधांमुळे माणूस तुटक होतो.

१० फेब्रुवारी
झालं. यश.

वाय-फायचा पासवर्डच काढून टाकला. सगळ्या भानगडीचं मूळ तेच होतं. डबी लगेच वर चढली, दिवा हिरवा. पलंगावर पडून टेस्ट पेज दिलं आणि पुढच्या खोलीत प्रिंटर घरघरला. पान घेऊन हिच्याकडे गेलो. ही सासूबाईंना चमच्याने भरवत होती. बघून म्हणाली, बरं झालं, आता माझं पण सुरू करून द्या, दोन दिवसांचं काम साचलंय.

करून दिलं. पण अर्धवट काम मला आवडत नाही. हिला जुन्या वायरीची सवय आहे, जरा अडचण आली की ही परत मागे जाणार. मागचा रस्ताच ठेवायचा नाही. म्हणून (१) हिच्या कॉम्प्युटरवरून प्रिंटरचं जुनं सॉफ्टवेअर उडवलं, आता फक्त वायरलेस. (२) लांब वायर भंगारवाल्याला दिली. प्रिंटर आणि डबी यांच्यामध्ये वीतभर वायर लावली. देखणी दिसते.

भंगारवाल्याने वायर हातावर गुंडाळत विचारलं, चांगली आहे की, का देता. मी म्हटलं, जग पुढे गेलंय. तोही पुढे गेला.

१३ फेब्रुवारी
सकाळी प्रिंटर आपोआप सुरू झाला. बेडकाच्या पचनसंस्थेवरचा कुणाचा तरी प्रोजेक्ट. पानामागून पान. मग तोच पुन्हा. वरच्या मजल्यावर कॉलेजच्या मुली राहतात, त्यांना फुकटचं वाय-फाय आणि त्यावर प्रिंटर सापडला. पान कुठे निघतंय ते न कळल्याने त्या पुन्हा पुन्हा छाप म्हणत राहिल्या. टोनर संपला.

याचा अर्थ सिग्नल वरच्या मजल्यापर्यंत पोचतो. कंपनीत असताना हे कोणाला जमलं नव्हतं.

ही नवा टोनर आणायला गेली. येताना मुलींना त्यांचा बेडूक देऊन आली. मी म्हटलं, त्यांच्याकडून टोनर भरून घ्यायचा. ही म्हणाली, त्यांनी माफी मागितली, निदान त्यांनी. शेवटचे दोन शब्द कशासाठी ते कळलं नाही.

निश्चय: पासवर्ड पुन्हा लावायचा. योग्य वेळ पाहून.

१७ फेब्रुवारी, सकाळ
योग्य वेळ आज होती. घर शांत, ही पहाटेपासून एकाच कामात गुंतलेली. वकीलबाईंचा अर्ज. वकीलबाई म्हणजे हिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, अर्ध्याहून जास्त काम त्यांचं. कुठल्याशा म्हाताऱ्या जोडप्याला घरमालक भाड्याच्या जागेतून बाहेर काढतोय, ते थांबवायचा अर्ज. आज दुपारच्या आत कोर्टात द्यायचा. हिने मला काल दोनदा बजावलं होतं की उद्या कशाला हात लावू नका. मी राउटरला फक्त पासवर्ड लावला. हात असा लावला नाही.

१७ फेब्रुवारी, दुपार
ही प्रिंट द्यायला गेली तर प्रिंटर ऑफलाइन. साधी गोष्ट होती. राउटरला नवा पासवर्ड लागला, डबीला तो सांगायचा राहिला. मी म्हटलं, पाच मिनिटं. डबीला सांगायला तिचं सेटिंगचं पान उघडावं लागतं, ते पान वाय-फायवरून उघडतं, आणि डबी वाय-फायवर नाही. म्हणजे पुन्हा केबल. केबल सासूबाई पडल्या त्या दिवशी हिने माळ्यावर टाकली होती. मी स्टुलासाठी प्रिंटर खाली उतरवला.

ही म्हणाली, राहू द्या, जुनी वायर लावा. मी परिस्थिती सांगितली. हिने माझ्याकडे पाहिलं. मग तो सगळा प्रिंटर हिने एकटीने उचलला, फायली जमिनीवर ढकलल्या, टेबलावर ठेवला आणि वीतभर वायर डबीतून ओढून कॉम्प्युटरला लावली. मी मदत करणार होतो, पण डबीचं शिंग वाकलं होतं ते बघत होतो. तरी छपाई नाही. जुनं सॉफ्टवेअर मी उडवलेलं.

आतून सासूबाईंनी विचारलं, काय झालं गं. ही पेन ड्राइव्ह घेऊन चपला न घालताच निघाली, जिन्यावरून परत येऊन चपला घातल्या. वकीलबाईंचा फोन येत होता. मी उचलला आणि सांगितलं की किरकोळ मायग्रेशन चालू आहे. त्यांनी विचारलं, कोण बोलतंय. मी म्हटलं, घरचा नेटवर्कचा माणूस. त्यांनी ठेवला.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळ
कॉपीच्या दुकानात रांग होती. ही कोर्टात पोचली तेव्हा अर्ज घेणारी खिडकी बंद झालेली.

डबीला पासवर्ड सांगून झाला. दिवा हिरवा. हिला दाखवायला गेलो तर ही अंधारात बसली होती. लाइट लावला. म्हणाली, बंद करा.

१८ फेब्रुवारी
अर्ज आज सकाळी दिला, ऑर्डरही दुपारी मिळाली. पण काल संध्याकाळीच घरमालकाने कुलूप बदललं. म्हातारा-म्हातारी रात्रभर जिन्यात सामानापाशी बसून होते. हे हिने जेवताना सांगितलं. मी म्हटलं, कोर्टाची यंत्रणाच जुनाट, अर्ज वायरलेस घेतले असते तर ही वेळ आली नसती. हिने ताट सरकवलं आणि उठली.

भांडली नाही. पूर्वी भांडायची. समजूत वाढली आहे.

२० फेब्रुवारी
वकीलबाई घरी आल्या. ठेंगणी, चष्मेवाली बाई. मी डबी दाखवायला पुढे झालो. त्यांनी डबीकडे पाहिलं, मग सासूबाईंच्या प्लास्टरकडे, मग माझ्याकडे, आणि हिला म्हणाल्या, या घरात यापुढे माझं एक पानही येणार नाही. माझ्या ऑफिसात मागची खोली रिकामी आहे, तिथे बस. काम तुझंच.

हिचे डोळे भरून आले. हिला घराबाहेर काम करण्याची सवय नाही. मी आडून सुचवलं की त्यांच्या ऑफिसचं नेटवर्क मी बघू शकतो. वकीलबाई म्हणाल्या, आमच्याकडे बघायला काही नाही.

२२ फेब्रुवारी
हिने कॉम्प्युटर नेला. टेम्पो बोलावला होता. प्रिंटरही नेला. सामानात हिने विकत घेतलेली नवी लांब वायर दिसली. मी विचारलं, प्रिंटर परत कधी आणणार. ही म्हणाली, अहो, प्रिंटर परत यायचा नाही. मी येईन रोज संध्याकाळी, आईसाठी.

आईसाठी म्हणजे फक्त आईसाठीच असं नाही. बोलण्याच्या ओघात माणूस एकच नाव घेतो.

२५ फेब्रुवारी
तांत्रिकदृष्ट्या नेटवर्क आता उत्तम. दिवसभर दिवा हिरवा, एकदाही तुटलं नाही. वरच्या मुलीही आता घुसत नाहीत. पलंगावरून नोकरीचा अर्ज छापायला दिला, फोनवर लिहून आलं, प्रिंटर सापडत नाही. बरोबर आहे, प्रिंटर नाही. डबीने चूक अचूक ओळखली.

२७ फेब्रुवारी
सासूबाईंच्या हाताला अजून बराच वेळ लागेल, म्हणून दिवसरात्रीची बाई ठेवायची ठरली. तिला झोपायला जागा हवी. मोकळा करता येईल असा पलंग माझाच आहे. हिने सांगितलं, थोडे दिवस दादांकडे जाऊन या. मी विचारलं, थोडे म्हणजे किती. ही सासूबाईंची औषधं डब्यात भरत होती. म्हणाली, दादांशी माझं बोलणं झालंय.

म्हणजे दादाला, माझ्या थोरल्या भावाला, माझी गरज आहे. मनातलं तो आधी हिच्याशी बोलतो, लहानपणापासून संकोची.

बॅग भरली. प्रिंट सर्व्हर भिंतीवरून काढणार होतो, पण स्क्रू भिंतीत घट्ट बसलेत. मीच बसवलेत.

३ मार्च
दादाकडे. गॅलरीलगतच्या खोलीत, कपाट आणि शिवणयंत्र यांच्यामध्ये माझी खाट. हवेशीर.

हिचा फोन रोज येतो, वहिनींच्या मोबाइलवर. मी ठीक आहे असं वहिनीच सांगतात, मला उगीच उठवत नाहीत.

निश्चय: इथलं सगळं पहिल्यापासून नीट उभं करायचं. घाई करायची नाही. आधी परिस्थितीचा अभ्यास.

त्यासाठी वहिनींकडे वाय-फायचा पासवर्ड मागितला. विचारून सांगते म्हणाल्या. दादा समोरच बसला होता.