चाळीस टक्के बॅटरी

८ नोव्हेंबर, रविवार
हुइवेनचं लग्न ठरलं. एकुलती एक मुलगी. मार्चमध्ये आमच्या गल्लीत मांडव घालून जेवण. पडद्यावर तिचे लहानपणापासूनचे फोटो दाखवायचे, हल्ली सगळेच दाखवतात. होणारा जावई पोहान म्हणाला, बाबा, ते मी बघतो. लग्नाआधीच बाबा! मी स्पष्ट सांगितलं, फोटो माझ्या लॅपटॉपवरून दिसतील. तीस वर्षं या ताइनान शहरात पंखे आणि राइस कुकर विकतोय. वीज मला शिकवू नका.
संकल्प : लॅपटॉप मार्चपर्यंत ठणठणीत ठेवणे.

९ नोव्हेंबर
लॅपटॉपची माहितीपुस्तिका वाचली. सात पानं. पुढे झोप लागली. पण मुद्दा कळला. बॅटरी बरेच दिवस वापरायची नसेल तर चाळीस टक्के चार्ज ठेवून थंड जागी ठेवा, पूर्ण रिकामी कधीच करू नका. वा! हेच मी आयुष्यभर सांगत आलोय. वस्तू टिकते ती न वापरल्याने. सोफ्यावरचं प्लास्टिक मी अजून काढलेलं नाही. बॅटरी काढून पिशवीत गुंडाळली आणि फ्रिजमध्ये टोफूशेजारी ठेवली. बायकोने विचारलं, हे काय आता? म्हटलं, लग्नाची तयारी. ती म्हणाली, मग नवरदेवालाही आत ठेवा. हिला शास्त्राचं काही नाही.

२७ नोव्हेंबर
डिस्क ड्राइव्ह घरघरतोय. आतली काच पुसायला हवी. कापूस मिळाला, स्पिरिट नव्हतं. हिची स्वयंपाकातली तांदळाची दारू घेतली. काच लख्ख. कापसाचा एक धागा आत राहिला असावा. हरकत नाही, मऊ असतो. चालवून बघितला नाही, उगीच झीज.

६ डिसेंबर
शेजारचे थू काका म्हणाले, अरे, लॅपटॉपवर हिरवं पुडकं ठेवलंस की नाही? कसं विसरलो मी! बँकेत, इस्पितळात, प्रत्येक यंत्रावर नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांचं ते पुडकं असतं, म्हणून तर यंत्रं शहाण्यासारखी वागतात. हिरवंच हवं, आणि फोडायचं नाही. लगेच आणून ठेवलं. पोहान इंजिनिअर आहे, हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. म्हणाला, बाबा, आमच्या कंपनीतही असतं. पोरगा अगदीच टाकाऊ नाही.

१७ जानेवारी. दुपारी, ही बाजारात गेल्यावर
दार लावून, बॅटरीविना नुसत्या वायरवर लॅपटॉप चालू करून त्याच्या कॅमेऱ्यासमोर बसलो. असलं काही मला तोंडावर बोलता येत नाही. लग्नानंतर मुलीची गाडी सुटली की बापाने मागे पातेलंभर पाणी ओतायचं. ओतलेलं पाणी परत येत नाही, तशी मुलगी. मी बोललो ते असं : हुइवेन, पाणी मी ओतेन, रीत आहे. तू मनावर घेऊ नकोस. वाटेल तेव्हा ये. घराची किल्ली तुझ्याकडेच ठेव. मध्ये दोनदा खोकलो, पण एकंदरीत झकास.
सगळे फोटो आणि शेवटी हा निरोप, ओढून डिस्कवर टाकले. यादीत नावं दिसली. मग कॉम्प्युटर काहीतरी विचारायला लागला. नाही म्हटलं. प्रत्येक प्रश्नाला हो म्हणणाऱ्यांच्याच घरी व्हायरस येतो. लॅपटॉपमधला मूळ निरोप पुसून टाकला. हिने बघितला तर मरेपर्यंत चिडवेल.
डिस्क लावून बघितली नाही. ड्राइव्हमध्येच ठेवली. सुरक्षित.

२१ फेब्रुवारी
घात! आमच्या चांद्र नव्या वर्षाच्या सामानाला जागा हवी म्हणून हिने बॅटरी वरच्या बर्फाच्या कप्प्यात टाकली होती. कधीपासून, तेही आठवत नाही म्हणते. बांगडा माशांच्या खाली! मी ओरडलो. ही म्हणाली, तुम्हीच ना म्हणालात थंड जागी? आपल्याच घरात माणूस कोणावर विश्वास ठेवणार?

१९ मार्च, शुक्रवार
बॅटरी पंख्यासमोर वाळवली, चार्जिंगला लावली. शंभर टक्के! बघा. पोहान म्हणाला, बाबा, तरी एक वायर ओढून ठेवू का? म्हटलं, वायरच लावायची तर लॅपटॉप कशाला, राइस कुकर आणला असता.

२० मार्च, शनिवार. जेवणावळीनंतर
सगळ्यांनी मिळून माझा केसाने गळा कापला.
गल्लीभर टेबलं. मी पडद्यापाशी, नवा कोट. लॅपटॉप सुरू केला. सत्त्याण्णव टक्के. डिस्क घर्रर्र, घर्रर्र. पडद्यावर काही नाही. बारा टक्के. सत्त्याण्णवनंतर बारा, हे कुठलं गणित? मग अंधार. बटण दाबलं, ड्राइव्हही उघडेना. पुडकं कुठाय बघितलं, तर थू काका ते फोडून खात होते. म्हणाले, सूप यायला उशीर होता रे.
मागून कोणीतरी ओरडलं, पंखे विक, पंखे! सगळे हसले. मी वायरी तपासल्याचं नाटक केलं, वायर एकही नसताना.
तेवढ्यात पडदा उजळला. हुइवेन, एक वर्षाची, माझ्या दुकानात राइस कुकरवर बसलेली. पोहानचा लॅपटॉप! हिने जानेवारीतच सगळे फोटो त्याला पोचवले होते. म्हणाली, तुम्हाला कसं सांगणार? मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं, स्वयंपाक्यालासुद्धा.
फोटो छान दिसले. लोक टाळ्या वाजवत होते. निरोप मात्र नव्हताच. तो फक्त माझ्याकडे आहे, अडकलेला.

२१ मार्च, रविवार
सकाळी तिची गाडी निघाली. निरोप पोचलेला नाही आणि पातेलं माझ्या हातात. ही म्हणाली, ओता ना! ओतलं. सगळं नाही. पूर्ण रिकामं कधीच करू नये. तळाला चाळीस टक्के ठेवलं आणि पटकन आत नेलं. हिने पातेल्यात वाकून बघितलं. तेच पाणी कुंडीला घातलं.

२३ मार्च, मंगळवार
हुइवेन माहेरी आली, पोहानला घेऊन. हिने माशाची पेज केली. पोहानने कागदाची क्लिप सरळ करून ड्राइव्हच्या पुढच्या बारीक भोकात घातली. टक्! उघडला. हे भोक पुस्तिकेच्या आठव्या पानावर आहे म्हणे.
डिस्क त्याच्या लॅपटॉपमध्ये घातली. कोरी! पोहान हळूच म्हणाला, बाबा, डिस्कवर लिहू का असं शेवटी विचारतो तेव्हा हो म्हणायचं असतं. बॅटरी, ड्राइव्ह, बायको, थू काका, आणि आता डिस्कही फितूर.
हुइवेनने विचारलं, काय होतं हो हिच्यावर? म्हटलं, फोटोच की. अजून? म्हटलं, विशेष काही नाही. पेज गार होतेय, खा.
ती म्हणाली, बाबा, मी गाडीच्या आरशात बघत होते. पातेलं पूर्ण ओतलं नाहीत तुम्ही. म्हटलं, हात भरून आला होता. ती बरं म्हणाली आणि खूप वेळ नुसती पेज ढवळत बसली.
निघताना पर्समधून घराची किल्ली काढून मेजावर ठेवली. म्हणाली, सासूबाई म्हणतात परत द्यायची असते, इथे ठेवू? मी ती उचलली आणि परत तिच्या पर्समध्ये टाकली. म्हटलं, असू दे. तुझी आई कायम हरवते, एखादी जास्त लागेल.
खरं कारण डिस्कवर नीट सांगितलं होतं.