निळ्या झाकणांखालची साखर

दि. ९ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी दहाला हिच्या संशोधन संस्थेची गाडी आली. साडेदहाला झुरळांचे सहाही डबे गेले. मग मी कपाट पुसलं, जेवलो, आणि आता लिहायला बसलो आहे.

आदरणीय ताईंना नमस्कार. गुडघा जिना चढू देतो का ते कळवा. माझी तब्येत ठीक आहे. वजन चार किलोंनी घटलं, पण तेही शेजाऱ्यांनी काट्यावर उभं केलं तेव्हा कळलं. ही गेल्याला आज त्रेचाळीस दिवस झाले. पत्र लांबेल, चहा घेऊन बसा.

घरात आता एकही झुरळ उरलेलं नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. आजारपणात संस्थेत जाणं थांबलं तेव्हा हिने हे डबे घरी मागवले. (लोक अशा वेळी माहेरची माणसं बोलावतात. तुम्हालाही बोलावलंच होतं, पण डबे आधी पोचले.) झुरळाचा मेंदू टाचणीच्या डोक्याएवढा, पण तो वास कसा लक्षात ठेवतो, हे हिला बघायचं होतं. लाल झाकणाच्या डब्यांत व्हॅनिलाचा वास दाखवून साखरपाण्याचा थेंब द्यायचा. निळ्या झाकणांच्या डब्यांत तोच वास, पण साधं पाणी. मग वासामागे कोण धावतं ते मोजायचं. ही पलंगावरून सांगायची, मी ड्रॉपर धरायचो.

ताई, मी जन्मभर पुलांचे नकाशे काढले, अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे होऊ दिला नाही. पण तिसऱ्या दिवशी निळ्या डब्यातला सत्तावीस नंबर (प्रत्येकाच्या पाठीवर रंगाने नंबर होता) पाणी चाखून नुसता मिशा हलवत उभा राहिला, ते मला बघवेना. हिने कूस बदलल्यावर मी त्याला एक थेंब साखरेचा दिला. मग बाकीच्यांवर अन्याय नको म्हणून सगळ्यांनाच. असं चार महिने रोज चाललं, आणि ही गेल्यावरही. एकदा तर हाच सत्तावीस जिन्यात पळाला. शेजारचे निवृत्त फौजदार चप्पल घेऊन धावले. मारू नका, तो संशोधनात आहे, असं मी म्हणालो. चप्पल पायात घालत ते म्हणाले, "मग त्याला सांगा, आपल्या हद्दीत राहा."

हिचा शेवटचा लेख छापायला जायचा होता. माझ्या थेंबांमुळे तो खोटा ठरणार, आणि तोही ही उत्तर द्यायला नसताना, या विचाराने घास उतरत नव्हता. (वजनाचं कारण हे.) आज डबे न्यायला हिची सहकारी आली. गेली अकरा वर्षं ती झुरळांच्या मिशा मोजते आहे, म्हणून ही तिला मिशीबाई म्हणायची. मी तिला चहा दिला आणि उभ्या उभ्या सगळं कबूल केलं. तिने कप खाली ठेवला, पिशवीतून हिची वही (हिनेच जाण्याआधी तिच्याकडे दिलेली) काढली आणि एक पान माझ्यापुढे धरलं. अक्षर हिचं. तारीख डबे आल्यानंतरच्या पाचव्या दिवसाची.

"घरचे डबे मोजणीत धरायचे नाहीत. निळ्यांनाही साखर मिळते. कोण घालतं ते माहीत आहे. त्यांना काही बोलायचं नाही."

लेख संस्थेतल्या डब्यांवर आहे आणि तो केव्हाच पुरा झालेला आहे. मग मला चार महिने घड्याळ लावून का राबवलं, असं मी विचारलं.

मिशीबाई म्हणाली, "अहो, बाई म्हणायच्या, हे दिवसभर नुसते माझ्याकडे बघत बसतात. हाताला काहीतरी हवं."

मी खुर्चीत बसलो. हसू आलं आणि थांबेना. मिशीबाईने पाणी आणून दिलं (साधं). ती गेल्यावर मी दोन वेळचं एकदम जेवलो.

तुम्ही आता निर्धास्त या.

तुमचा मेहुणा

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. लेखाच्या सुरुवातीला हिच्याविषयी चार ओळी छापायच्या आहेत, आणि त्या महिनाअखेरपर्यंत माझ्याकडे मागितल्या आहेत. मला नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण आणि उत्तर दिशा एवढंच लिहिता येतं. तुम्ही हिला लहानाची मोठी होताना पाहिलं आहे. तुम्हीच लिहून पाठवा.

आणखी एक. वरची विनंती रद्द समजा. पाकीट बंद करण्याआधी सगळं वाचून पाहिलं. ही माझ्याकडून कामं कशी करून घ्यायची ते त्या ओळींत यायला हवं, आणि ते तुम्हाला ठाऊक नाही. मीच लिहून पाठवतो, चुकलं तर दुरुस्त करा. पेन्सिलीला टोक काढून झालं आहे. कागद हलू नये म्हणून, नकाशाला लावायचो तशी, त्याच्या चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावतो आहे.