निळ्या दोराची गाठ

कालिम्नोस, ग्रीस,
९ जून

प्रिय सेवास्ती,

अक्षर ओळखलंस का? आता थोडं वाकडं झालंय, पण शाळेत तू ज्या वहीतून गणितं उतरवायचीस तिच्यातलंच आहे. तू माझी वहिनी झालीस तरी मी तुला कधी वहिनी म्हटलं नाही, आणि तू बेट सोडल्यावर सव्वीस वर्षांनी आता म्हणायला जीभ वळत नाही. या आठवड्यात हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला घेतलंय. दोन ओळी लिहिते, उठते, ओटा पुसते, गच्चीवर जाऊन वाळत घातलेले कपडे हात लावून बघते, परत येऊन बसते. शेजारची विचारत होती, "थेमेलिना, काय शोधतेस गं सारखी?" मी म्हटलं, चष्मा. चष्मा डोळ्यांवरच होता.

आई गेली ते तुला कळलं असेलच. तिकडे ऑस्ट्रेलियात, डार्विनमध्ये, आपली निम्मी माणसं आहेत, बातम्या पोचतात. चार वर्षं झाली. शेवटी तिला माणसं ओळखू येत नव्हती, पण तुझं नाव निघालं की तोंड फिरवायची. तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं लिहिणार नाही.

गेल्या ऑक्टोबरात माझ्या नवऱ्याच्या, स्केवोसच्या जाळ्यात एक पुतळा आला. सकाळी नऊचा सुमार असेल. मी भेंडी चिरत होते, तेवढ्यात तो ओल्या बुटांनी सरळ स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "चल, बंदरावर चल." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याचा चेहरा तसा मी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, कुणी बुडालं. धक्क्यावर माणसं जमली होती, बंदर पोलिसांना त्याने आधीच बोलावलं होतं, आणि बोटीत जाळ्यांच्या ढिगावर, शंखशिंपल्यांनी माखलेला, एक तरुण पोरगा पडला होता. कांस्याचा. उजवं पाऊल तुटलेलं, डावा हात वर. कुणाला तरी थांब म्हणत असावा तसा.

कॉफीच्या दुकानात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. "काय स्केवो, मासे सोडून आता पुतळे धरायला लागलास?" "अरे, त्याच्यासाठी बायको पण काढ वर, उघडाच फिरतोय बिचारा!" स्केवोस हसायचा नाही. कप तसाच ठेवून उठायचा. मला वाटलं, दमलाय. वर्षभर तो काळ्या कपारीकडेच जाळं टाकत होता. तिथे जाळी फाटतात, म्हणून दुसरं कुणी फिरकत नाही. रोज फाटकं जाळं घेऊन यायचा आणि अंगणात मुकाट्याने शिवत बसायचा. "मासे नाहीत तिथे, मग जातोस कशाला?" असं मी एकदा विचारलं होतं. "सवय," म्हणाला. मी पुढे विचारलं नाही. या घरात पुढे न विचारण्याची सवय जुनी आहे.

मी संग्रहालयात काम करते हे तुला ठाऊक नसेल. एकोणीस वर्षं झाली. आधी फरशी पुसायला लागले. मग अथेन्सहून आलेल्या एका बाईंनी माझे हात बघितले, समुद्रातले स्पंज कापणाऱ्या घरातले हात, आणि मला फुटकी मडकी जोडायला बसवलं. आता पुतळ्यांवरची पुटं काढते. तो पोरगा आला तेव्हा त्याला आधी गोड्या पाण्याच्या टाकीत ठेवला. समुद्राचं मीठ धातूच्या पोटात मुरलेलं असतं, ते हळूहळू बाहेर काढावं लागतं, नाहीतर हवा लागली की हिरवी भुकटी होऊन तो आतून सडत जातो. पाणी बदलायचं, मीठ मोजायचं, पुन्हा बदलायचं. तीन महिने तेच. पोलिक्सेनी म्हणून एक संशोधक मुलगी आहे, स्वतः समुद्रात बुड्या मारणारी, ती म्हणाली, "थेमेलिनाबाई, बावीसशे वर्षं थांबलाय तो, तुम्हालाच एवढी घाई का?" रविवारीसुद्धा मी किल्ली मागून घ्यायची आणि टाकीपाशी जाऊन उभी राहायची.

जानेवारीत त्याला बाहेर काढला आणि मी चेहऱ्यापासून सुरुवात केली. भिंगाखाली, बारीक पात्याने, दिवसाला अंगठ्याच्या नखाएवढी जागा. आधी एक डोळा मोकळा झाला. पांढऱ्या दगडाचा, मधे काळं बुबुळ, अजून ओला वाटावा असा. मग ओठ. ते तांब्याचे आहेत सेवास्ती, वेगळ्या धातूचे, लालसर दिसावेत म्हणून मुद्दाम बसवलेले. ज्याने ते बसवले त्याला एखाद्या खऱ्या पोराचं तोंड आठवत असणार. मी तिथेच रडले. पोलिक्सेनीला वाटलं, कलेपायी रडतेय.

मला माझ्या भावाचं तोंड आठवलं. तुझ्या लग्नाच्या दिवशीचं. सकेलारिसने मिशी काढली होती, ओठ उघडे पडले होते, आणि तू म्हणाली होतीस, "अगं बाई, हा कोण? मी तर मिशीवाल्याला हो म्हटलं होतं!" सगळं चर्च हसलं होतं. नंतरचं तू विसरली नसशीलच. लग्नानंतर चौथ्या वर्षी, मे महिन्यात, तो सकाळी बोट घेऊन गेला आणि परत आला नाही. वादळ नव्हतं, वारासुद्धा नव्हता. पंधरा दिवस सगळ्यांनी शोधलं. मग कुणीतरी पिल्लू सोडलं की समोर तुर्कस्तानात, बोद्रुमच्या बाजारात तो एका बाईबरोबर दिसला. आईने ते धरून ठेवलं. मेलेल्या पोरापेक्षा पळालेला पोरगा तिला परवडत होता. सगळा राग तुझ्यावर निघाला. "तुझ्या जिभेला कंटाळून गेला माझा पोरगा!" भर अंगणात, तुझ्या कडेवर तीन वर्षांचा नोमिकोस, आणि आई ओरडतेय. मी दारात उभी होते. तो गेला त्याच्या आदल्या रात्री तुम्ही दोघं हसत जेवला होतात, मी स्वतः तुमच्या ताटात वाढलं होतं. एवढं एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. मी बोलले नाही. माझं लग्न ठरत होतं, घरात आणखी तमाशा नको होता. तू मामाकडे ऑस्ट्रेलियाला निघालीस त्या दिवशी मी खिडकीच्या पडद्याआडून बोट जाताना पाहिली.

फेब्रुवारीत मी पुतळ्याच्या कमरेपाशी पोचले. काखेखालून मागे जाणारं पूट विचित्र होतं. पातळ, ठिसूळ, जणू कालपरवाच चढलेलं. पात्याने हलकेच उचललं तर आतून निळा रंग दिसला. मला वाटलं, एखादा खडा. पण ते नायलॉन होतं. निळा नायलॉनचा दोर, दोन वेढे, आणि पाठीमागे गाठ. पोलिक्सेनी शिट्टी वाजवून म्हणाली, "म्हणजे आपल्याआधी कुणीतरी याला बांधून वर ओढत होतं! चोरच, दुसरं कोण?" मी पात्याने गाठीभोवतीचं पूट काढलं. ती गाठ उलटी होती. डावखुऱ्या माणसाने मारलेली, आणि टोक दोनदा आत वळवलेलं. अख्ख्या बेटावर तशी गाठ एकच माणूस मारायचा, आणि बाबांनी त्यासाठी त्याला लहानपणी शंभरदा टपल्या मारल्या होत्या.

मी हातमोजे काढले आणि घरी गेले. स्केवोस अंगणात जवाचे कडक पाव पाण्यात भिजवत होता. मी म्हटलं, "पुतळ्याच्या कमरेला सकेलारिसची गाठ आहे." त्याने पाव ताटात ठेवला. हात पुसले. मग म्हणाला, "मला वाटलं होतं, दोर कुजला असेल."

सगळं त्याच्याच शब्दांत सांगते, माझं काही घालत नाही. "सकेलारिसला तो तळाशी सापडला होता. ऱ्होड्सचा एक माणूस घेणार होता, गुपचूप. मला म्हणाला, तू वर हवेचं यंत्र सांभाळ, मी खाली उतरतो. मी हो म्हटलं होतं, थेमेलिना. त्या सकाळी मला तुरुंग दिसायला लागला. मी बंदरावर गेलोच नाही. त्याने थोडा वेळ वाट बघितली असेल आणि एकटाच गेला असेल. तुला माहीत आहे तो कसा होता." मग दोन दिवस स्केवोसने एकट्याने तिथे लोखंडी गळ टाकून तळ चाचपला. काही लागलं नाही. बोलायचं तर चोरीचा बेत सांगावा लागणार, आणि मग मी आमचं ठरत आलेलं लग्न मोडणार, ही त्याला भीती. तेवढ्यात बोद्रुमची अफवा आली. "ती मी उठवली नाही, देवाशपथ. पण मी ती खोडलीही नाही." मी विचारलं, "आणि वर्षभर जाळं कशासाठी टाकत होतास?" तो म्हणाला, "त्याच्यासाठी. म्हातारा होतोय मी. वाटलं, एखादं हाड, एखादी फळी तरी मिळेल. मी त्याला शोधत होतो आणि वर आला हा पुतळा."

मी ताट उचलून अंगणात भिरकावलं. मग दोन महिने आम्ही एका घरात राहिलो आणि बोललो नाही. ईस्टरला डोंगरावर दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे सुरुंगाचे बार उडत होते, सगळं गाव हादरत होतं, आणि आम्ही दोघं दोन खोल्यांत बसून होतो. त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं की मला माझंच दारातलं गप्प उभं राहणं दिसायचं. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी मीच त्याला पोलिक्सेनीकडे नेलं. तिने सगळं शांतपणे लिहून घेतलं, नकाशावर त्याच्याकडून नेमकी जागा खुणावून घेतली.

मेच्या शेवटी तिची माणसं उतरली. पंचेचाळीस मीटर खोलीवर जुन्या जहाजाची खापरं पसरली आहेत, तेलाचे, दारूचे रांजण, शेकड्यांनी. त्यांच्यापलीकडे उतारावर, कपारीच्या आत घसरलेली, एक लाकडी बोट उलटी पडली होती. गळ तिथवर पोचलाच नसता. इंजिनाचा नंबर जुळला. बोटीच्या पुढच्या टोकावर रंग उरला नव्हता, पण सकेलारिसने अक्षरं कोरून घेतली होती, आठवतं? पोलिक्सेनी वर आली, तोंडातली नळी काढली आणि मला म्हणाली, "थेमेलिनाबाई, सेवास्ती कोण?" बोटीखालच्या गाळात हाडं मिळाली. पुतळ्याच्या भाराने बोट कलंडली असावी, असं ते म्हणतात. बहुधा तो वरच होता, दोर ओढत. फार वेळ लागला नसेल.

आता हे पत्र का, ते लिहिते. ती हाडं त्याचीच आहेत हे कागदावर यायला रक्ताच्या नात्याचा नमुना लागतो. माझा त्यांनी घेतला, पण मुलाचा मिळाला तर शंकाच उरणार नाही. नोमिकोसने तिथल्या दवाखान्यात गालाच्या आतून कापूस फिरवून द्यायचा, एवढंच. सोबत कागद जोडले आहेत. त्याला सांग की त्याचा बाप कुणाला सोडून पळाला नव्हता. आणि हेही सांग की आत्या हे तेव्हाच सांगू शकली असती, तिने सांगितलं नाही. गावात मी आता सांगत फिरते, बेकरीत, चर्चच्या पायरीवर, कुणी विचारलं नाही तरी. स्केवोसने बंदर पोलिसांकडे सगळा जबाब लिहून दिला. त्यांनी वाचला आणि म्हणाले, इतक्या वर्षांनी आता यात गुन्हा उरत नाही, घरी जा. तो बाहेर येऊन रस्त्यातच थांबला आणि म्हणाला, "मग मी कुणासमोर उभा राहू?" मी तुझं नाव घेतलं. पुरायचं कधी, ते तू ठरव. आम्ही तोवर कुणी हात लावणार नाही. तू येशील त्या दिवशी स्केवोसने समोर यावं की बेट सोडून जावं, तेही तूच लिही. आणि माझ्याबद्दलही.

तुझीच, तू अजून तसं म्हणू दिलंस तर,
थेमेलिना