बर्फातल्यांची पाचवी

सीवूड्स, नवी मुंबई
६ नोव्हेंबर २०२५

प्रिय क्षिप्रा,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे मजेत. श्रुतीचा पुढचा दात पडला. आत्याला दाखवायचा म्हणून तिने तो काडेपेटीत जपून ठेवलाय. फोन असताना वहिनीला पत्र लिहायची हुक्की का आली, असं तुला वाटलं असेल. एक वस्तू पाठवायची आहे, ती फोनमधून येत नाही. पाकीट झटकू नकोस, आधी वाच.

भाऊबीजेला तू आली नाहीस म्हणून तुझा दादा तोंड फुगवून बसला होता. "पेशींना सणासुदीलाही खाऊ घालावं लागतं म्हणे! आणि भावाला ओवाळायचं कुणी?" एरवी मीही त्याचीच री ओढली असती. पण मे महिन्यात तू मला पुण्याला तुमच्या प्रयोगशाळेत नेलंस, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलंस, आणि त्या एवढ्याशा बशीत हृदयाच्या पेशी धडधडताना मी पाहिल्या. ना छाती, ना माणूस, आणि ठोके मात्र चालू! मी थक्क होऊन तुझ्याकडे पाहिलं, तर तू आपली शांतपणे पुढच्या बशीचं खाणं बदलत होतीस. गिचमिड अक्षरासाठी आईंचा ओरडा खाणारी तीच तू! मला तुझा इतका अभिमान वाटला की परत येताना खोपोलीपर्यंत मी तुझ्या दादाला बोलूच दिलं नाही.

अशा पेशी मुळात येतात कुठून, तेही तू तेव्हाच सांगितलंस. टेस्ट ट्यूब बाळाच्या दवाखान्यात उरलेले, जोडप्यांनी आपणहून दिलेले पाच दिवसांचे गर्भ. त्यांपासून हृदयाच्याच काय, डोळ्यांच्याही पेशी वाढवता येतात. तू सहज बोलून गेलीस, मी मात्र ते बोलणं मनात घेऊन घरी आले. श्रुतीच्या वेळचे आपले दोन अजून वाशीला गोठवलेले आहेत, हे तुला माहीत आहेच. दिवाळीआधी दवाखान्यातून विचारणा आली. ठेवायचे, टाकायचे, की संशोधनाला द्यायचे?

मी नुसतं "देऊया का" म्हटलं, तर आई कडाडल्याच. "अगो, माझी दोन नातवंडं तिथे बर्फात गारठलीत, आणि तुम्ही ती कापाकापीला देताय?" पुढे दोन दिवस अबोला. फराळ मात्र सगळा एकटीने केला, मला कढईला हात लावू दिला नाही.

का नाही लावू दिला, तेच लिहायचं टाळत होते. नवरात्राआधी माझी गर्भपिशवी काढली. गाठी होत्या, रक्त जाणं थांबत नव्हतं. गाठी साध्याच निघाल्या, तेव्हा काळजी नको. तू सगळं टाकून धावत आली असतीस म्हणून कळवलं नाही, असं मी घरात सांगते. खरं म्हणजे ते तोंडाने उच्चारायचं नव्हतं. श्रुतीला भावंड आणायचं म्हणून त्या दोघांना ठेवलं होतं ना गं. आता त्यांना द्यायला माझ्यात जागाच उरली नाही. दुसऱ्या बाईची कूस मागायची नाही, हे आम्ही दोघांनी ठरवलंय. आणि टाकून द्या म्हणायला जीभ रेटत नाही. फार रडले मी, क्षिप्रा.

परवा विषय आईंनीच काढला. त्यांच्या नजरेत मधोमध तो काळा डाग आहे ना, त्यावरून. "क्षिप्रीच्या त्या पेशींनी माझे डोळे सुधारतील काय रे?" तुझ्या दादाने खोटं सांगितलं नाही. "तुझे नाही गं आई. अजून सगळं प्रयोगातच आहे. झालं तर पुढे कुणाचे तरी."

आई मग मला म्हणाल्या, "किती दिवसांची आहेत ती?"

"पाच."

"मग त्यांची पाचवी कुणी केली?"

आणि उठल्याच. ओट्याखालून पाटा-वरवंटा ओढून काढायला लावला, हळदकुंकू वाहिलं, सटवाईला नशीब लिहायला कोरा कागद आणि पेन मांडलं. मला हसू आलं नाही. मीही हात जोडले.

सकाळी कागद कोराच होता. श्रुतीच्या वेळीही कोराच होता, तेव्हा मी तसं म्हटलं. आई म्हणाल्या, "श्रुतीला कपाळ होतं, तिथे लिहिलंन. यांना कपाळ कुठलं? हे लिहायचं तिने दुसऱ्या कुणावर तरी सोडलंन."

काल आम्ही वाशीला जाऊन सह्या करून आलो. तुझा दादा बाहेर गाडीत बसून खूप रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "चला, क्षिप्राची भाऊबीज द्यायची राहिली होती."

तुमच्याकडे नावं लावत नाहीत, नुसता नंबर असतो. म्हणजे ते तुझ्या टेबलावर आले तरी तुला कळायचं नाही, आणि दुसऱ्याच कुणाच्या हाती गेले तर आम्हालाही कळायचं नाही. तुझ्यासारखेच हात असतील, एवढं मी धरून चालते. बशीसमोर सण विसरणारे.

तो कोरा कागद सोबत घातलाय. आईंचा निरोप आहे: "क्षिप्रीला म्हणावं, कुणाचं तरी नशीब लिहायचंय. निदान या खेपेला अक्षर नीट काढ."

तुझी वहिनी, आणि त्या दोघांची आई,
जयमाला