आबांच्या खोलीतला दिवा

शुभंकर,

तुझा फोन लागत नाही म्हणून लिहून ठेवतेय. आबा घरात नाहीत. फोन उशाशीच आहे, पण केळशीच्या घराची किल्ली नेलीय. मी एसटी स्टँडवर बघायला जातेय, तू घरीच थांब.

सकाळी मला म्हणाले, "संध्याकाळी मी जरा बसलो की शुभू दिवा घालवतो. वीज वाचवायची तर तोंडावर सांगावं." मी घाईत होते, नुसती हसले. या नव्या घरात कोणी हललं नाही की दिवा आपोआप जातो, हे आपण त्यांना सांगितलंच नाही. आई गेल्यापासून ते इतका वेळ न हलता बसतात, हे तरी आपल्याला कुठे माहीत होतं?

ते आले तर आधी त्यांच्या खोलीत साधा, बटणाचा दिवा लाव. जेवायला नंतर वाढ.

ईशा