कर्ता नसलेलं वाक्य

शहादा,
गुरुवार, २२ जानेवारी २०२६

ती. कोकिळाताईस,
राजेंद्रचा सा. न. वि. वि.

काजलच्या चांदीच्या तोरड्या आज सकाळी सापडल्या. खालच्या प्रमिलाबाई तिला बालवाडीसाठी बूट घालत होत्या. ती काही केल्या पाय आत घालेना, म्हणून त्यांनी बुटात बोटं घालून पाहिली. दोन्ही तोरड्या टोकाशी गोळा होऊन बसल्या होत्या. तू बारशाला दिलेल्या त्याच. प्रमिलाबाईंनी त्या जागृतीच्या हातावर ठेवल्या, आणि जागृतीने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा तसाच ठेवून ऑफिसला निघालो.

तुझ्याकडे फोन लागत नाही हे एका अर्थी बरंच आहे. हे मला तोंडाने सांगता आलं नसतं.

रविवारी आम्ही चौघं तापीकाठी प्रकाशाला गेलो होतो. पोरींना नावेत बसायचं होतं. नाव झाली, शेव-मुरमुरे झाले. जागृती दर्शनाच्या रांगेत उभी राहिली आणि दोघी माझ्याजवळ घाटावर. मी सोनमचा नदीसोबत फोटो काढत होतो. वळून पाहतो तर काजल नाही. ताई, वीस मिनिटं मी त्या पायऱ्यांवर खाली-वर पळत होतो आणि दर वेळी आधी पाण्याकडे बघत होतो.

ती सापडली वरच्या पिंपळाच्या पारावर, एका डोंगरातल्या बाईच्या मांडीवर, मक्याची भाकर खात. बाईने मला पाहिलं तशी ती उठली. मी काजलला उचललं. पायात तोरड्या नाहीत. बाईने दोन्ही हात पाठीमागे धरलेले. मी विचारलं की हिच्या पायातलं कुठे आहे, तर ती घाबरून सॉरी, सॉरी एवढंच म्हणत राहिली. लोक जमले. एक जण म्हणाला की बाई सोता सॉरी म्हणी ऱ्हायनी, आते आखो काय पुरावा पाहिजे. मी तिला गाठोडं सोडायला लावलं.

त्यात एक लुगडं, मिरच्यांची पुडी, लहान मुलीच्या हातात येतील अशा बांगड्या आणि एक प्रगतिपुस्तक होतं. प्रगतिपुस्तकावर तुझी सही होती. ती पाहून मी गप्प झालो. पण पोलिसांचं नाव तोवर घेऊन झालं होतं. बाईने सगळं गोळा केलं आणि गेली. एक बांगडी फुटली.

रविवारी सकाळच्या घाईत तोरड्या काढून बुटात ठेवल्या गेल्या होत्या आणि मग काजलने सँडलचा हट्ट धरला. सोमवारपासून तिला ताप, म्हणून बूट कोणी पाहिलेच नाहीत.

ती बाई कोण आहे ते तुला कळेल. तिला सांग की तोरड्या मिळाल्या. हे पत्र तळोद्याला जीपवाल्या खात्याच्या हाती देतो आहे. सोनमला अभ्यासाचं सांगायला हवं, हल्ली बोलत नाही फार.

तुझा लोभ आजवर न मागता मिळाला. या पत्रानंतर तो मागून घ्यावा लागेल असं वाटतं.

तुझा,
राजेंद्र


आश्रमशाळा,
रविवार, २५ जानेवारी २०२६

चि. राजेंद्र यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र खात्याने काल दिलं. उद्याच्या झेंडावंदनाची तयारी चालली आहे, चुन्याच्या रेघा वाकड्या आल्यात, आणि मी कोपऱ्यात बसून तुझं पत्र तिसऱ्यांदा वाचते आहे.

ती बाई म्हणजे बेबीबाई. तिची आशा माझ्या वर्गात, चौथीत आहे. पाढे सतरापर्यंत येतात, अठराला अडते. मंगळवारी सकाळी बेबीबाई आली आणि कोणाशी न बोलता आशाला घेऊन गेली. पेटी राहिली, अंथरूण राहिलं. मी मागे पळाले, तर एवढंच म्हणाली की एका साहेबाने कागद वाचला आहे, आता इथे पोलीस येतील. मला काही कळेना. म्हटलं, कोणत्या दुष्टाने या बाईला असं घाबरवलं असेल. चार दिवस मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देत होते, राजू. काल कळलं की त्याला लहानपणी मी कडेवर घेऊन फिरले आहे.

तोरड्या मिळाल्या हे सांगायला मी जाईनच. पण त्याआधी एक विचारते. मी सव्वीस वर्षं मराठी शिकवते आहे. तू लिहितोस की तोरड्या काढून बुटात ठेवल्या गेल्या. या वाक्यात कर्ता नाही. आपली आई असती तर म्हणाली असती, तुले कशानी इतली घाई शे रे, नाव लिखाले बी येळ नही. तोरड्या कोणी काढल्या? जागृतीने काढल्या असत्या तर तू तसं सरळ लिहिलं असतंस, तुला मी ओळखते.

सोनम का बोलत नाही, तेही लिही. अभ्यासाचं मी बघेन.

काजलच्या तापाला काढा देत जा. तोरड्या तिच्या पायात घालू नका एवढ्यात. लोभ मागायचा नसतो, पण पत्र मात्र नीट लिहायचं असतं.

तुझी,
ताई


शहादा
२८ जानेवारी

प्रिय कोकिळा आत्या,
साष्टांग नमस्कार.

मी सोनम. मम्मी म्हणाली की तुला आत्याला काही लिहायचं असेल तर लिही, मी वाचणार नाही. ती खरंच वाचत नाहीये, ती भाजी निवडतेय.

तोरड्या पप्पांनीच काढल्या. मी तेव्हा दात घासत होते. काजलच्या सॉक्समध्ये त्या अडकत होत्या आणि ती रडत होती, म्हणून पप्पांनी काढल्या आणि बुटात टाकल्या आणि म्हणाले आलोच, आणि त्यांना फोन आला. मग काजलने गुलाबी सँडल घातले.

मी प्रकाशाला पप्पांना सांगितलं होतं. मी दोनदा सांगितलं. पहिल्यांदा हळू सांगितलं आणि मग त्यांचा शर्ट ओढून मोठ्याने सांगितलं की पप्पा तुम्हीच काढल्या. तेव्हा ते थांबले आणि माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी लोकांकडे बघितलं. मग मला म्हणाले गप्प बस. मग ते त्या मावशीवर अजून जोरात ओरडले.

त्या मावशी माझ्याकडेच बघत होत्या. त्यांची हिरवी बांगडी फुटली. एक तुकडा मी उचलला, तो माझ्या कंपासपेटीत आहे. ती चोरी होते का?

काजलला घाटावरचं काही आठवत नाही. ती रोज म्हणते परत नावेत जाऊ. मला नावेत जायचं नाही.

पप्पांना हे पत्र दाखवू नको. किंवा दाखव. मला माहीत नाही.

माझ्यावर आणि काजलवर सारखंच प्रेम कर, मी मोठी असले तरी.

तुझी लाडकी,
सोनम


आश्रमशाळा,
रविवार, १ फेब्रुवारी २०२६

चि. राजेंद्र यास अ. आ.

काल शाळा सुटल्यावर बेबीबाईच्या पाड्यावर जाऊन आले. खात्याने फाट्यापर्यंत सोडलं, पुढे दीड तास चढ. माझ्या गुडघ्यांचं तू बघ.

आशा शेळ्या घेऊन गेली होती. बेबीबाई कुडाला टेकून बसली होती. तोरड्या बुटात सापडल्या म्हटल्यावर ती हसली की रडली ते मला नीट कळलं नाही, तोंडावर पदर होता. मग बोलायला लागली. तिचं सांगते, नीट वाच.

ती आठ दिवस प्रकाशाकडे मिरची तोडायला होती. काम संपवून तळोद्याच्या गाडीची वाट बघत बसली होती. काजल एकटी रडत पायऱ्या उतरत होती, पाण्याच्या दिशेने. हिने तिला उचलून वर आणलं. जिथून पोरगी दिसेल अशा उंच जागी मुद्दाम बसली. हात पाठीमागे का धरले होते, ते मी विचारलं. ती म्हणाली की आठ दिवस मिरची तोडलेले हात होते, पोरीच्या डोळ्याला लागले असते. उचललं तेही कोपरांनी आणि भाकर तिची तिला तोडू दिली.

आणि सॉरी. राजू, बेबीबाईने तो शब्द कधी वापरलेला नाही. तिचं माहेर मध्य प्रदेशच्या हद्दीपलीकडचं. तिकडे मुलीला सोरी म्हणतात. घाबरली की तिला माहेरचीच बोली येते. ती तुला मुलगी, मुलगी म्हणत होती. ही घे तुझी मुलगी, मुलगी एकटी होती, मुलगी पाण्याकडे चालली होती. तू ओरडलास तसं तिला पुढचं सुचेना, तो एकच शब्द राहिला. आणि तुम्ही सगळ्यांनी तो पुरावा म्हणून धरला.

मी तिला म्हटलं की माझा भाऊ येईल, तुझ्यासमोर चूक कबूल करेल. माझा भाऊ म्हणताना माझी मान वर नव्हती. मग तिने एकच विचारलं, आणि ते मी तुला जसंच्या तसं विचारते आहे. ती म्हणाली, त्याची मोठी सोरी त्याचा शर्ट ओढत होती, माझ्याकडे बोट दाखवून नाही, त्याच्याकडे बोट दाखवून. मला तिचं बोलणं कळलं नाही, पण ती माझ्या बाजूने बोलत होती हे कळलं. तिला घरी गेल्यावर मार पडला का?

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही. सोनमचं पत्र माझ्याकडे आलं आहे. तोरड्यांचा कर्ता मला मिळाला, त्याबद्दल आता तुला विचारत नाही. पण माराचं तिने काही लिहिलेलं नाही, आणि ती सगळं लिहिणारी मुलगी आहे.

आशा या महिन्यात परत आली नाही तर मग येणार नाही. शेळ्या एकदा मुलीकडे गेल्या की पुन्हा शाळेकडे वळत नाहीत, हे मी फार वेळा पाहिलं आहे. बेबीबाई माझ्या शब्दावर तिला पाठवणार नाही. ती म्हणते, ज्याने कागद वाचला त्याने येऊन सांगावं. आणि त्या सोरीला सोबत आणावं.

एक लक्षात ठेव. तिथे जाऊन सॉरी म्हणालास तर ती सोनमकडे बघेल.

जागृतीस आशीर्वाद. मी रागावले आहे, पण वाट बघते आहे. दोन्ही तुला ठाऊक असू दे.

तुझी,
ताई


शहादा,
गुरुवार, ५ फेब्रुवारी २०२६

ती. कोकिळाताईस,
राजेंद्रचा सा. न. वि. वि.

बेबीबाईच्या प्रश्नाचं उत्तर आधी लिहितो. हो. गाडीत बसल्यावर सोनम तिसऱ्यांदा म्हणाली की तुम्हीच काढल्या, आणि मी तिच्या गालावर मारलं. जागृती पुढच्या सीटवर होती. तिने मागे वळून पाहिलं आणि शहादा येईपर्यंत पुढे पाहिलं नाही.

आता कर्ता घालून लिहितो. तोरड्या मी काढल्या. मी बुटात टाकल्या. मी विसरलो. घाटावर सोनमने शर्ट ओढला तेव्हा मला आठवलं. पुरतं नाही, पण बुटावर वाकलेला माझाच हात दिसला. तेव्हा थांबता आलं असतं. पण पंधरा-वीस लोक माझ्या बाजूने उभे होते आणि त्यांच्यासमोर चुकीचा ठरण्यापेक्षा मला ती बाई चोर ठरलेली सोपी वाटली. तुझी सही त्यानंतर दिसली. म्हणजे मी अजाणता केलं असं म्हणायलाही जागा नाही. पहिल्या पत्रात मी हे तुझ्यापासून लपवलं, आणि प्रमिलाबाईंना तर सांगितलं की जागृतीनेच ठेवल्या असतील. ते काल खाली जाऊन दुरुस्त केलं. त्या म्हणाल्या की त्यांना माहीत होतं, काजलनेच सांगितलं होतं. म्हणजे घरात साडेतीन वर्षांच्या मुलीलाही आठवत होतं.

सोनमशी मंगळवारी बोललो. तिच्याशेजारी खाली बसून सगळं सांगितलं, गालावर मारलं त्याचंही. तिने ऐकून घेतलं आणि कंपासपेटी उघडून बांगडीचा तुकडा दाखवला. विचारलं की हा परत द्यायचा का. मी म्हटलं, हो, तूच दे. मग ती म्हणाली की तिथे मी काही बोलले तर या वेळी ऐकाल का. ताई, आठ वर्षांच्या मुलीने हे अटीसारखं विचारलं नाही, नुसती चौकशी केल्यासारखं विचारलं. मला तेच जास्त लागलं.

काल तळोद्याला खात्याला गाठलं. तिकडे सॉरीला काय म्हणतात ते विचारलं. तो आधी माझ्याकडे बघून हसला, त्याला सगळं कळलेलं दिसतंय. म्हणाला की साहेब, त्याला शब्द नाही. जे केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं आणि बाहेर बसून राहायचं. घरच्या बाईने पाणी दिलं तर प्यायचं, म्हणजे झालं. नाही दिलं तर उठून यायचं आणि पुन्हा जायचं. मी विचारलं की किती वेळा. तो म्हणाला, डिझेल आहे आपल्याकडे.

तेव्हा असं ठरलं आहे. रविवारी, आठ तारखेला, तळोद्याहून सकाळी आठला खात्याची जीप. तू फाट्यावर भेट. चढ चौघंही चढू, काजल माझ्या खांद्यावर. जागृतीने आशाच्या मापाच्या हिरव्या बांगड्या घेतल्या आहेत, पण त्या पाणी मिळाल्यानंतरच पिशवीतून काढायच्या असं तिचं म्हणणं आहे, आधी दिल्या तर ते पुसून टाकल्यासारखं होईल. पोलिसांबद्दल पहिल्यांदा बोलायचं, आशाच्या कानावर पडेल इतक्या मोठ्याने. मग तोरड्यांचं. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला मी. घोकून ठेवलं आहे.

आशाची पेटी हलवू नकोस. रविवारी काय होतं त्यावर आहे.

सोनमने आज शाळेतून आल्यावर दप्तराशेजारी तिची निळी वॉटरबॅग भरून ठेवली, चढावर तहान लागेल म्हणून. जागृतीने ती रिकामी केली आणि फडताळात वर ठेवून दिली. म्हणाली, वाटेत नदी आहे, पोरी तिथे पितील. वर गेल्यावर पप्पांना तहान लागलेली असू दे.

लोभ किती ठेवायचा ते तू रविवारी फाट्यावर ठरव.

तुझा,
राजेंद्र