पोस्टरच्या रंगाचा काठ

आप्पा, माग चालू आहेत. तुम्हाला बरं वाटेल म्हणून आधी हेच लिहितो. पावसाळ्यापासून दोन्ही यंत्रमाग झाकून ठेवले होते. सुरतेच्या साडीपुढं आपला माल कुणी विचारत नव्हतं, आणि आता एकदम दिवसभर खडखडाट. वडगावातली आपली सगळी गल्ली हलतेय. तरी मला एका जागी बसवत नाही. धोट्यातली सुताची कांडी बदलतो, दारात जातो, परत येतो. बायको म्हणाली, "पायाला चाकं लागल्यात काय तुमच्या?" काय सांगू तिला?

ऑर्डर प्लॉटवाल्याची आहे. गावाबाहेरची शेतं घेऊन प्लॉट पाडणारा माणूस, आता आपल्या वॉर्डातून महापालिकेला उभा राहतोय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वॉर्डातल्या प्रत्येक बाईला साडी, तीही आपल्याच गल्लीत विणलेली, आणि काठ त्याच्या पोस्टरच्या रंगाचा. निवडणूक जाहीर व्हायच्या आत सगळा माल हवाय. सूत त्यानंच आणून टाकलं, मजुरीही आगाऊ दिली. डोकं आहे हो त्याला. बाहेरून साड्या आणल्या असत्या तर नेसणाऱ्या तेवढ्या मिंध्या झाल्या असत्या. आता विणणारेही झालो. सगळे म्हणतात, साडी घ्यायची आणि मत आपल्या मनासारखं द्यायचं. पण कपाळाला कुंकू लावून, ओटी भरून दिलेलं वाण ते. ते घेऊन मागं उलटं वागायला बायकांचं मन धजत नाही. माझी बायकोच म्हणते, "देवाधर्माचं हाय ते, खोटं कसं वागायचं?" प्लॉटवाल्याला हे बरोबर ठाऊक आहे.

आणि त्याच्यासमोर कोण उभं राहतंय? आपली आक्का. तुमची थोरली लेक. प्लॉटसाठी त्यानं वरच्या अंगाचा नाला बुजवला, तेव्हापासून जरा मोठा पाऊस झाला की पाणी गल्लीत शिरतं. गेल्या पावसात मागांच्या मोटारी बुडाल्या. आक्कानं महापालिकेच्या पायऱ्या झिजवल्या, तिथल्या साहेबाशी त्याच्या कन्नडमधून भांडली, तिथंच तिच्या डोक्यात हे उभं राहायचं आलं. तिच्याकडं काय आहे? पायातल्या चपला आणि भिशीतल्या चार मैत्रिणी. त्याच्याकडं गाड्या आहेत, दहा ठिकाणी बोर्ड आहेत, रोज जेवणावळ आहे.

तुम्ही होतात तेव्हा मराठीच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या मास्तरांच्या प्रचाराला फिरायचा ते आठवतं. गेरूनं भिंती रंगवायच्या, दुपारी कुणाच्याही घरची भाकरी खायची. आणि गल्लीची एक रीत होती: मत मागायला कुणीही दारात आलं की माग बंद करायचा. एकदा विरुद्ध बाजूचा माणूस आला आणि मी मुद्दाम माग चालू ठेवला. तुम्ही आतून आलात, हँडल ओढून माग थांबवलात, त्याला पाट दिलात, चहा दिलात. तो गेल्यावर मला म्हणालात, "मत दिऊ नको त्याला. पर माणूस बोलतंय तर ऐकाय तरी आलं पायजे का न्हाय?" माझी कानशिलं तापली होती. तेव्हा भांडण मराठी-कन्नडचं होतं, त्यावरनं घरंच्या घरं फुटायची. आता प्लॉटवाल्याच्या बोर्डावर वर कन्नड, खाली मराठी, आणि साडी दोघांनाही एकच.

परवा आक्का आली. उंबऱ्यात उभी राहून काहीतरी बोलत होती. मी नुसती मान हलवली, माग काही थांबवला नाही. थांबवला की माल मागं पडतो, आणि खरं सांगायचं तर तिच्याशी बोलायची छाती नव्हती. शेवटी तीच आत आली आणि तिनंच दोन्ही माग बंद केले. विणलेल्या काठावर बोटं फिरवली. म्हणाली, "काठ बरा बसलाय रं."

मला इतकी लाज वाटली की उलट चिडूनच बोललो, "आक्का, कशाला उभी ऱ्हातीस? डिपॉझिट तरी हाती येणार हाय का?"

"पाणी तुझ्याबी घरात येतंय नव्हं?"

"ते खरं. पण हे काम सोडून आमी खायचं काय?"

"सोड कुठं म्हणते मी? वीण तू. तू न्हाय तर शेजारचा विणंल." मग तिनंच हात घालून दोन्ही माग चालू केले आणि गेली. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

आज सकाळी प्लॉटवाल्याचा माणूस तयार माल न्यायला आला. साड्या गाडीत टाकता टाकता म्हणाला, साहेब निवडून आले तर दर संक्रांतीला ऑर्डर तुमच्याच गल्लीला. मी त्याला चहा पाजला. दुसरा कप घेता का, असंही विचारलं. पुढच्या पावसात मोटारी पुन्हा बुडतील, हे मला कळत नाही असं नाही.

मत मी आक्कालाच देणार, आप्पा. बायकोलाही तिलाच द्यायला लावीन. पण आक्का पडावी, असं मला मनातून वाटतंय. तुम्ही आता तिला जाऊन सांगणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.